सातवीच्या वर्गात ध्रुवप्रदेशाची प्रश्नमंजुषा: चिंचोके, बर्फ आणि "कारण सांग"

अंजनेरी | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. वर्गात छप्पन्न मुलं. बर्फ त्यांनी पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर, रसवंतीत, नाहीतर लग्नाच्या हॉलमागे गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. या मुलांपर्यंत अंटार्क्टिका पोचवायचा कसा, यावर मी दोन वर्षं डोकं लावतेय. काय जमलं, काय फसलं ते सविस्तर लिहिते. इथे शिक्षक बरेच आहेत, पालकही आहेत, म्हणून हा धागा.

गेल्या वर्षी नेहमीसारखी प्रश्नमंजुषा घेतली होती. टेबलावर घंटा, जो आधी वाजवेल त्याने उत्तर द्यायचं. चाळीस प्रश्न झाले. दक्षिण ध्रुवावर पहिला कोण पोचला, कधी पोचला (अमुंडसेन, १४ डिसेंबर १९११), भारताच्या केंद्रांची नावं काय, सगळी उत्तरं फटाफट आली. पण ती नेहमीच्याच पाच मुलांकडून. बाकीची एक्कावन्न मुलं शांत बसून होती. मागच्या बाकावरची दोघं कंपासपेटी आवरत होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कोरा कागद देऊन "अंटार्क्टिका काढा" म्हटलं, तर निम्म्याहून जास्त चित्रांत पेंग्विन आणि पांढरं अस्वल शेजारीशेजारी उभं. आदल्याच दिवशी "पांढरी अस्वलं कुठे असतात?" या प्रश्नाला "उत्तर ध्रुवाकडे" असं खणखणीत उत्तर आलं होतं. ते ऐकून वर्गाने टाळ्याही वाजवल्या होत्या. ती चित्रं पाहून मला फार वाईट वाटलं. उत्तर वर्गात येऊन गेलं होतं, पण मुलांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

यंदा घंटा काढून टाकली. आठ-आठ मुलांचे सात गट केले. नावं दिली मैत्री, भारती, दक्षिण गंगोत्री, हिमाद्री, हिमांश, शिरमाकर आणि प्रियदर्शिनी. (पहिली पाच आपली संशोधन केंद्रं. त्यातलं हिमाद्री आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला आणि हिमांश आपल्याच हिमालयात, स्पीतीत. शिरमाकर हा मैत्री ज्या उघड्या खडकाळ भागात उभं आहे तो प्रदेश, आणि प्रियदर्शिनी हे मैत्रीला पाणी देणारं तळं.) प्रत्येक गटाला वीस चिंचोके. प्रश्न विचारला की गटाने चर्चा करायची, पाटीवर उत्तर लिहायचं आणि जितकी खात्री तितके, म्हणजे एक ते तीन, चिंचोके पुढे ठेवायचे. पाट्या सगळ्यांनी एकदम वर करायच्या. मग प्रत्येक गटातल्या एकाने कारण सांगायचं, आणि दर फेरीला बोलणारं मूल नवीन पाहिजे. नुसत्या उत्तराला एक गुण, पटेल अशा कारणाला दोन.

शेवटचा नियम मला सगळ्यात जवळचा आहे. दुसऱ्या गटाचं कारण ऐकून कोणाला आपलं उत्तर बदलावंसं वाटलं, आणि का बदललं ते नीट सांगता आलं, तर त्या गटाला एक चिंचोका जादा.

एक प्रश्न जसा घडला तसा सांगते. "समुद्रात तरंगणारा बर्फ वितळला तर पाण्याची पातळी वाढेल का?" सातपैकी पाच गटांनी "वाढेल" लिहिलं, आणि त्या पाचही गटांनी तीन-तीन चिंचोके लावले. मी उत्तर दिलंच नाही. काचेचे दोन ग्लास घेतले. एकात बर्फाचे खडे पाण्यावर तरंगत ठेवले. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोकं काढेल असा काळा दगड उभा केला आणि त्याच्या डोक्यावर बर्फ ठेवला. दोन्हीकडे स्केचपेनने पाण्याची रेघ मारली आणि पुढचे प्रश्न चालू केले. मुलांची नजर सारखी ग्लासांकडे जात होती. अर्ध्यापाऊण तासाने पहिल्या ग्लासात पाणी रेघेवरच होतं आणि दुसऱ्यात रेघेच्या वर बोटभर चढलं होतं. हिमांश गटातली एक मुलगी वर्षभरात आपणहून कधी बोलली नव्हती. ती उठली, गुडघ्यांवर बसली, ग्लासाच्या पातळीला डोळा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मग दगडावरचा बर्फ किती आहे तिथे?"

हा प्रश्न मी कितीही प्रश्न काढले असते तरी मला सुचला नसता. मग फळ्यावर लिहिलं: अंटार्क्टिका सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, भारताच्या चौपटीहून मोठा. त्यावरच्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे तिथला नेहमीचा बर्फच आपल्या सगळ्यात उंच शिखराहून जाड आहे. तो सगळा वितळला तर जगभरचा समुद्र साधारण ५८ मीटर चढेल. एक मुलगा लगेच म्हणाला, "आपलं नाशिक उंचावर आहे, पण माझा मामा मुंबईला राहतो." वर्ग गप्प झाला. सगळा बर्फ वितळायला हजारो वर्षं लागतील हे मी सांगितलंच, पण मामाचं घर बुडायला ५८ मीटर लागत नाहीत, हेही लपवलं नाही.

तुम्ही हा विषय कसा शिकवता? प्रश्न सुचवा, चुका काढा.

द्राक्षबाग | रविवार, रात्री १०:०२

ताई, मी निफाडचा शेतकरी. माझी मुलगीही सातवीत आहे, तिला हा धागा वाचून दाखवला.

थंडीवरचा प्रश्न नक्की ठेवा. आमच्याकडे पारा तीन-चारवर उतरला की द्राक्षाचे मणी तडकायची भीती, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. मुलांना ही थंडी ठाऊक आहे. तिथून सुरुवात करा. घरातल्या फ्रीजरमध्ये उणे १८ असतं. अंटार्क्टिकावर व्होस्तोक केंद्रात २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ नोंदलंय. फ्रीजरहून आणखी ७१ अंश खाली. निफाडच्या चार अंशांपासून तिथवर किती उतरायचं, हे गणित पोरीने तोंडी केलं आणि मग किती तरी वेळ बोललीच नाही.

दुसरी गोष्ट. आमची द्राक्षं युरोपला जातात ती शून्याच्या आसपास ठेवलेल्या कंटेनरमधून. भारती केंद्र १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधलंय, हे वाचलं तेव्हा मी चकित झालो. आम्ही पेटीत थंडी कोंडून ठेवतो, ते लोक तशाच पेट्यांभोवती कवच चढवून थंडी बाहेर ठेवतात. यावरून एक प्रश्न घ्या: बर्फाच्या खड्याला स्वेटर गुंडाळला तर तो लवकर वितळेल की उशिरा? पोरीने ठामपणे "लवकर" सांगितलं, कारण स्वेटर गरम असतो. आत्ता ओट्यावर दोन वाट्या ठेवल्यात, एक उघडी, एक माझ्या मफलरमध्ये.

द्राक्षबाग | रविवार, रात्री ११:१५

उघडा खडा कधीच संपला. मफलरमधला अजून सुपारीएवढा आहे. ती झोपायला तयार नाही.

अंजनेरी | सोमवार, सकाळी ६:५०

दादा, हा प्रश्न आजच घेते. लादीभोवती गोणपाट का असतं, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलंय आणि कधी विचारलं नाही. माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

भूगोलवाला | सोमवार, दुपारी १२:३०

निवृत्त प्राध्यापक आहे, म्हणून थोडं बारकाईने लिहितो. राग मानू नये.

तुमचा ग्लास बरोबर आहे, पण त्यात गोडं पाणी होतं. समुद्र खारा. खारं पाणी जड असतं, म्हणून गोड्या पाण्याचा बर्फ त्यात तरंगताना स्वतःच्या वजनाइतकं खारं पाणी सारतो, आणि ते पाणी आकारमानाने थोडं कमी भरतं. बर्फ वितळून गोडं पाणी झालं की ते किंचित जास्त जागा घेतं. म्हणजे तरंगता हिमनग वितळल्यावर पातळी अगदी थोडी वाढते. जमिनीवरच्या बर्फापुढे ती नगण्य आहे, त्यामुळे तुमचा मुद्दा ढळत नाही. पण ज्या दोन गटांनी "नाही वाढणार" लिहिलं त्यांना शंभर टक्के बरोबर ठरवू नका.

दुसरं, गोंडवनाचा, म्हणजे दक्षिणेकडच्या जुन्या एकत्र खंडाचा प्रश्न घ्याल तर एक सापळा आहे. भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते, हे खरं. पूर्व किनाऱ्याकडचे आपले जुने खडक आणि तिकडचे खडक जुळतात, अंटार्क्टिकावर दगडी कोळसाही सापडतो, म्हणजे कधीकाळी तिथे रानं होती. हे सांगितलं की नाशिकची मुलं लगेच विचारतात, "ब्रह्मगिरीपण तिकडे जोडलेला होता का?" उत्तर नाही. आपला काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तोवर भारत अंटार्क्टिकापासून कधीच सुटला होता आणि उत्तरेकडे निघाला होता. सह्याद्री वाटेत तयार झाला, असं मी वर्गात सांगत असे.

पालक_कॉलेजरोड | सोमवार, संध्याकाळी ७:४५

तुमची तळमळ कळते. पण दोन शंका मनापासून विचारते. मुलं चिंचोके "लावतात", हा खेळ जुगाराच्या वळणाने जातोय असं नाही का वाटत? आमच्या घरात या गोष्टीने एक आयुष्य वाया गेलंय, म्हणून विचारते. आणि एकेका प्रश्नावर पाऊण तास गेला तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अभ्यास कधी व्हायचा?

अंजनेरी | सोमवार, रात्री ८:३०

ताई, तुम्ही हे लिहिलंत, बरं केलंत. चिंचोक्यांच्या बदल्यात काहीच मिळत नाही. तास संपला की सगळे परत डब्यात जातात, ना बक्षीस, ना क्रमांक. चिंचोके मला हवेत ते गटाची खात्री किती हे डोळ्यांना दिसावं म्हणून. चुकीच्या उत्तरावर तीन चिंचोके दिसले की कळतं, इथे एक पक्का गैरसमज बसलाय. बरोबर उत्तरावर एकच दिसला की कळतं, हे अंदाजाने लिहिलंय. परीक्षेचा पेपर मला यातलं काहीच सांगत नाही.

पण तुमचं म्हणणं मला पटलं. मी वर्गात "पैज" हा शब्द वापरत होते. आजपासून "खात्री" म्हणेन. चिंचोके लावायचे नाहीत, दाखवायचे. चुकलं तर काढूनही घेणार नाही.

वेळेचं म्हणाल तर ग्लास ठेवला आणि तास चालू ठेवला. पाऊण तासात आणखी सहा प्रश्न झाले.

सुरगाणा_शाळा | सोमवार, रात्री ९:२०

सुंदर धागा. माझी शाळा दोनशिक्षकी, सुरगाणा तालुक्यात. बर्फ आणायचा तर तो पोचेपर्यंत पाणी होतं, विजेचा भरवसा नाही. आमच्या पोरांनी ध्रुव शिकायचा कसा, तेही लिहा.

भूगोलवाला | सोमवार, रात्री १०:०५

सर, तुमच्याकडे ऊन आहे, तेवढं पुरे. मीटरभर काठी मैदानात उभी करा. २१ डिसेंबरला आपल्याकडे मध्यान्हीला तिची सावली साधारण ९५ सेंटिमीटर पडेल. दक्षिण ध्रुवावर तो वर्षातला सगळ्यात उंच सूर्य, तरी क्षितिजापासून फक्त साडेतेवीस अंशांच्या आसपास, आणि तिथे तीच काठी सव्वादोन मीटरहून लांब सावली टाकते. ती सावली कमीजास्त होत नाही. दिवसभर काठीभोवती गोल फिरते, कारण सूर्य मावळतच नाही. मुलांना काठीभोवती दोरीने ते वर्तुळ आखायला लावा आणि त्यावर चालू द्या. सहा महिन्यांचा दिवस त्यांच्या पायांना कळेल.

मग मे महिन्याच्या विशीत शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा तीच काठी पुन्हा उभी करा. असा दिवस ध्रुवाला कधीच मिळत नाही. का मिळत नाही, हा तुमचा पहिला प्रश्न.

सुरगाणा_शाळा | सोमवार, रात्री १०:४०

सर, मनापासून आभार. काठ्यांना तोटा नाही. चौथीची पोरं दोरी धरतील.

दक्षिणवारा | मंगळवार, सकाळी ११:१५

मूळची सिडकोची, आता नोकरीनिमित्त गोव्यात. माझे दोन प्रश्न घ्या.

पहिला: "अंटार्क्टिकावर आपला कुत्रा नेता येईल का?" पूर्वी तिथे कुत्र्यांच्या गाड्या होत्या. पण अंटार्क्टिका करारातल्या पर्यावरणाच्या नियमांनुसार १९९४ पासून तिथे एकही कुत्रा नाही. कुत्र्यांचे आजार सीलना होऊ नयेत, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्यावरून "तिथला मालक कोण?" हा प्रश्न आपोआप येतो. करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी सह्या केल्या, भारत १९८३ मध्ये सामील झाला. कोणाचा नवीन हक्क नाही, सैन्याची ठाणी नाहीत, शोध लागले ते सगळ्यांना सांगायचे. मुलांना हे फार आवडतं.

दुसरा: "आपली पहिली मोहीम कुठून निघाली?" बहुतेक जण मुंबई म्हणतात. गोव्यातून, डिसेंबर १९८१. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ९ जानेवारी १९८२ ला पाऊल ठेवलं. राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रही इथेच, वास्कोला आहे. दक्षिण गंगोत्री हे पहिलं केंद्र पुढे बर्फाखाली गेलं, हे त्या नावाच्या गटाला जरूर सांगा.

अंजनेरी | मंगळवार, दुपारी ३:४०

गटाला सांगितलं. "आमचं केंद्र गाडलं गेलं?" म्हणून आधी हिरमुसले. मग एकाने विचारलं, वर बर्फ साचत जातो तर खाली जुना बर्फ असेल ना? त्या वाक्यावरून मी थेट बर्फाच्या गाभ्यावर, म्हणजे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या नळकांड्यावर गेले. पाण्याच्या बाटलीत रोज थोडं पाणी गोठवायचं, मधूनच एखाद्या थरावर काळ्या रांगोळीची चिमूट टाकायची, ती ज्वालामुखीची राख. बाटली कापून नळकांडं गटाला द्यायचं आणि कुठला थर आधीचा ते वाचायला लावायचं. खऱ्या गाभ्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून आठ लाख वर्षांची हवा तपासलीय, आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत कधी ३०० च्या फारसा वर गेला नव्हता, आज तो ४२० च्या पुढे आहे, हे सांगितल्यावर एकही मूल हललं नाही. बाटल्या माझ्याच फ्रीजरमध्ये आहेत, सध्या भाजीला जागा नाही.

भूगोलवाला सर, तुमच्या खाऱ्या पाण्याच्या मुद्द्यावर शनिवारचा तास ठेवलाय. बर्फाला निळी शाई घालणार आहे.

अंजनेरी | शनिवार, दुपारी २:२५

आत्ताच शाळेतून आले. जेवायच्या आधी लिहून काढते.

सारखे तीन ग्लास. एकात साधं पाणी. एकात समुद्राइतकं खारं, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम मीठ. तिसऱ्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं. तिन्हीत निळ्या बर्फाचे तीन-तीन खडे. प्रश्न दोन: पातळी कुठे वाढेल, आणि बर्फ कुठे आधी वितळेल?

दुसऱ्या प्रश्नावर सातही गटांनी तीन-तीन चिंचोके दाखवले: मिठात आधी. कारण भारती गटातल्या मुलाने सांगितलं. त्याचे वडील उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम विकतात, आणि पॉटभोवतीच्या बर्फात मीठ टाकलं की तो लगेच पाझरायला लागतो. एवढं चोख कारण, मी त्याला दोन गुण तिथेच दिले.

आणि ग्लासात उलटंच झालं. साध्या पाण्यात निळे धागे खाली उतरायला लागले, गार पाणी तळाला आणि कोमट वर, ग्लास हळूहळू फिकट निळा झाला आणि बर्फ संपला. खाऱ्या पाण्यात वितळलेलं निळं पाणी वरच राहिलं. बोटभर जाडीचा निळा थर, खाली लख्ख पांढरं पाणी, आणि बर्फ आपल्याच गार पाण्यात पहुडलेला. किती तरी वेळ तसाच. मुलं बाकांवर चढून बघत होती, मी रागावले नाही.

पॉटवाल्या मुलाने स्वतःच फरक शोधला: "पॉटमध्ये मीठ बर्फाला चिकटतं. इथे गोडं पाणी मधे आलं, मीठ पोचतच नाही." एक चिंचोका जादा. मग मी ध्रुवावर नेलं. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं, उरलेलं पाणी जास्त खारं, जास्त जड होऊन खाली बुडतं, आणि अंटार्क्टिकाभोवती असं बुडालेलं गार पाणी जगातल्या समुद्रांच्या तळाशी पसरतं. फळ्यावर बाण काढताना माझा हात थरथरत होता, कारण सगळे ऐकत होते.

पातळीचं सांगते. साध्या पाण्यात रेघ जशीच्या तशी. समुद्राएवढ्या खाऱ्यात आम्हाला फरक दिसला नाही. भरपूर मिठाच्या ग्लासात पट्टी लावून मोजलं, तीन ते चार मिलिमीटर वाढ. प्रियदर्शिनी गटाने म्हटलं, मधल्या ग्लासातही वाढली असणार, आपली स्केचपेनची रेघच जाड आहे.

भूगोलवाला | शनिवार, दुपारी ३:०५

त्या गटाला माझ्याकडून शाबासकी सांगा. तसल्या तीन खड्यांना मधल्या ग्लासात वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच येईल. टोकदार सुईने कागदी पट्टीवर खूण करा, ग्लास अरुंद घ्या, बर्फ जास्त घ्या. दिसेल.

द्राक्षबाग | शनिवार, दुपारी ४:१०

ताई, दिंडोरी रोडला ओळखीचं कोल्ड स्टोरेज आहे. पुढच्या शनिवारी किती बर्फ हवा ते कळवा, सकाळी शाळेत पोचता करतो. मफलर माझा.

अंजनेरी | शनिवार, दुपारी ४:३०

दादा, पाच किलो पुरे. अरुंद ग्लास मी बघते. सुरगाण्याच्या सरांसाठी प्रश्नांची कार्डं आणि सव्वाशे चिंचोके बाजूला काढलेत, तिकडे कोणी जाणारं असेल तर सांगा.